दुसऱ्याच्या छतावर आपल्या खिशातून सोलर : मला हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात एका सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझं छत म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची फरशी. गच्ची सोसायटीची, आणि सोसायटीच्या सभेत सोलरचा विषय गेली काही वर्षं नेमाने ‘पुढील सभेत घेण्याचे ठरले’ इथवर जाऊन थांबतो. म्हणून २०२१ पासून मी जमेल तसे पैसे दुसऱ्यांच्या छतांवर घातले. आधी माण तालुक्यातल्या आमच्या गावची शाळा, मग तिथलंच वाचनालय, मग आत्याचं घर. तीन छतं, मिळून ८ किलोवॅट. हे कळल्यापासून नातेवाईक, जुने सहकारी आणि अधूनमधून अगदी अनोळखी माणसंही फोन करून तेच ते प्रश्न विचारतात. ती उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

साधारण किती पैसे लागतात?

छोट्या छतासाठी किलोवॅटला ५० ते ६५ हजार रुपये धरून चाला. शाळेचं ३ किलोवॅट २०२१ मध्ये १ लाख ७५ हजारांत झालं, वाचनालयाचं २ किलोवॅट २०२३ मध्ये १ लाख २० हजारांत. आत्याकडचं ३ किलोवॅट २०२४ मध्ये १ लाख ९५ हजारांवर गेलं, कारण अनुदान हवं असेल तर पॅनल आणि त्याच्या आतले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात आणि ते महाग पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा त्याआधीचं जुनं कोटेशन कुणी पुढे केलं तर नवं मागा.

एवढ्या पैशात मिळतं काय?

आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, वर्षाला १,४०० च्या आसपास. पावसाळ्यात निम्म्यावर येतो, मार्च-एप्रिलमध्ये भरपाई करतो. जागा किलोवॅटला शंभर चौरस फूट लागते, तीही सावली नसलेली. हल्लीचं ५४० वॅटचं एक पॅनल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २७-२८ किलो वजनाचं असतं. ३ किलोवॅटला अशी सहा. ही सहा पॅनल अरुंद जिन्यातून वर जाणार कशी, हा प्रश्न आधी कुणालाच सुचत नाही. आत्याकडे ती दोरखंड बांधून बाहेरून ओढून घेतली. खाली आत्या दोन्ही हात वर करून उभी होती, जणू पडलं तर झेलणारच.

छत कुणाचं निवडावं?

खरा प्रश्न हा आहे, आणि नेमका हाच कुणी विचारत नाही. सगळे थेट पॅनलच्या कंपनीवर येतात.

पहिली गोष्ट, तिथे वीज लागते का ते पाहा. बारा महिन्यांची लाइट बिलं मागून घ्या आणि युनिटचे आकडे एका कागदावर उतरवा. माझी पहिली चूक इथेच झाली. शाळेचा वापर महिन्याला दीडशे युनिट होता. सुट्ट्या धरूनही दीड-दोन किलोवॅट पुरलं असतं. मी तीन बसवलं, कारण देणाऱ्याला मोठा आकडा बरा वाटतो. आता जास्तीची वीज वर्षअखेरीला कवडीमोलाने जाते.

दुसरं, बिल कोण भरतं? शाळेचं बिल ग्रामपंचायत भरत असेल तर वाचलेले पैसे ग्रामपंचायतीचे वाचतात, शाळेचे नाही. गुरुजींना त्यातून खडूचा डबाही मिळत नाही. मग ते त्या पॅनलकडे ढुंकून का बघतील? त्यामुळे वाचलेल्या रकमेतलं काही शाळेकडे वळवायचं असेल तर तसा ठराव आधी करून घ्या. नारळ फुटल्यावर ठराव होत नाहीत.

तिसरं, थकबाकी. मागचं बिल थकलेलं असेल किंवा जोडणीच कापलेली असेल तर नेट मीटर, म्हणजे येणारी आणि जाणारी वीज दोन्ही मोजणारं मीटर, विसरा. आधी ती भानगड मिटवावी लागते, आणि त्या रकमेचा हिशेब तुमच्या बजेटमध्ये नसतो.

चौथं, इमारतीचं आयुष्य. पॅनल पंचवीस वर्षं टिकतं, वर्गखोली टिकेलच असं नाही. जिल्हा परिषदेच्या जुन्या खोल्या निर्लेखनाच्या यादीत असतात, म्हणजे कधीतरी पाडायच्या असतात. गुरुजींना सरळ विचारा, “ही खोली निर्लेखनात आहे का?” आमच्या शाळेत सगळ्यात मोठी, दक्षिणेला मोकळी, मोक्याची खोली नेमकी त्या यादीत निघाली. म्हणून पॅनल मागच्या दोन खोल्यांवर गेली. तिथे चिंचेची सावली दुपारी चारनंतर येते, पण निदान पायाखालचा स्लॅब नवा आहे.

छत कशाचं आहे तेही बघा. आरसीसी स्लॅब उत्तम. लोखंडी पत्रा चालतो, पण खालचे अँगल आणि कैच्या तपासून. मंगलोरी कौलांवर होतं, मात्र कौलं फुटतात आणि पावसाळ्यात घरमालक तुम्हाला शिव्या घालतो. सिमेंटच्या पत्र्यावर चुकूनही नको. त्यावर पाय देणारा माणूस थेट खाली येतो.

सरकारी अनुदान मिळतं का?

घराला मिळतं. शाळा, वाचनालय, देऊळ, दुकान यांना हे अनुदान नाही. ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरं हे तिचं उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटींची तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. पाच किलोवॅट बसवलं तरी ७८ हजारच.

अनुदान जातं ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्या खात्यात. पैसे तुम्ही दिले असले तरी. आत्याच्या घराचं मीटर माझ्या आजोबांच्या नावावर होतं, आणि आजोबांना जाऊन एकोणीस वर्षं झालेली. तोवर दर महिन्याला बिल त्यांच्याच नावाने येत होतं आणि आत्या ते देवघरातल्या फोटोखाली ठेवायची. नाव बदलायला मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, मिळकतीचा उतारा. दोन चुलतभाऊ मुंबईत, एक सुरतेला. सोलर बसवायला दोन दिवस लागले, नाव बदलायला दोन महिने. तेव्हा गावाकडच्या कुणासाठी हे करणार असाल तर पहिला फोन ठेकेदाराला करू नका. बिलावर नाव कोणाचं आहे ते विचारायला करा.

७८ हजार आत्याच्या खात्यात आले तेव्हा ती ते मला परत द्यायला निघाली. मी म्हटलं, “आत्या, फिक्स्डमध्ये टाक. पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागेल तेव्हा उपयोगी पडतील.” तिने टाकले. पावती फोटोखालीच आहे.

घरासाठी परवानग्यांची कटकट किती?

पूर्वीपेक्षा कमी. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळ्या तांत्रिक तपासणीची गरज राहिलेली नाही आणि मंजूर भार, म्हणजे जोडणीवर किती वीज घेता येते ती मर्यादा, कमी असेल तर वीज कंपनीच वाढवून देते. शाळा किंवा संस्थेसाठी अर्ज करताना मात्र मंजूर भार आधी पाहून घ्या. खेड्यातल्या शाळेचा तो बऱ्याचदा एक किलोवॅटच असतो, आणि भारापेक्षा मोठं सोलर नेट मीटरिंगमध्ये बसत नाही.

आधी सोलर की आधी पंखे?

आधी पंखे. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, कारण पंखे बदलल्याचा फोटो छान येत नाही.

वाचनालयाच्या अभ्यासिकेत दहा जुने पंखे होते, प्रत्येकी ७५ वॅटचे. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत बसलेली. म्हणजे चौदा तास. नव्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा म्हणजे बीएलडीसी पंखा ३० वॅटवर चालतो. दहा पंख्यांमागे ४५० वॅट वाचले, चौदा तासांत ६.३ युनिट. एवढी वीज बनवायला दीड किलोवॅट सोलर लागलं असतं, म्हणजे नव्वद हजार. पंख्यांना २८ हजार लागले. शिवाय सोलर रात्री झोपतं, पंख्यांची बचत रात्रीही चालू राहते. वाचनालयाला आम्ही साडेतीन किलोवॅट ठरवलं होतं, पंखे बदलल्यावर दोनवर भागलं.

लाइट गेल्यावर सोलरवर चालेल ना?

नाही. हे उत्तर मी दरवेळी दोनदा देतो. नाही.

साधं, बॅटरी नसलेलं सोलर ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला जोडलेलं असतं. लाइट गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि तसा तो व्हायलाच हवा. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी तारांत जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन मरेल. डोक्यावर कडक ऊन आणि घरात पंखा बंद हे दृश्य पाहून देणगीदाराला लोक काय काय बोलतात ते मी ऐकलं आहे. म्हणून हे उद्घाटनाच्या आधी, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगून टाका. ज्यांना खरंच अडचण आहे त्यांच्यासाठी हायब्रिड, म्हणजे बॅटरी जोडता येणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, पण खर्च बराच वाढतो आणि बॅटरी पॅनलइतकी जगत नाही.

खेड्यात आणखी एक भानगड. लाइट असते, पण दुपारी लाइनचं व्होल्टेज इतकं वर जातं की इन्व्हर्टर घाबरून बंद पडतो. बसवण्याआधी एखाद्या दुपारी मीटर लावून व्होल्टेज बघायला सांगा.

मे महिन्यात शाळेला सुट्टी. तेव्हाची वीज फुकट जाते का?

नाही, आणि हा हिशेब मला फार आवडतो. नेट मीटर म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या युनिटचं खातं. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात. हे खातं ३१ मार्चला बंद होतं. तेव्हा उरलेले युनिट वीज कंपनी विकत घेते, पण नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने, आणि तो तुम्ही भरता त्या दरापेक्षा खूप कमी असतो. शाळेचं सुगीचं उत्पादन एप्रिल-मेमध्ये होतं, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच. ते सुट्टीत साठतं आणि जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत वापरलं जातं. खळ्यावर धान्य आलं, कणगीत भरलं, पावसाळ्यात खाल्लं.

मेमध्ये सगळ्यात जास्त वीज बनते असंही नाही. पॅनल तापलं की त्याचा जोर कमी होतो. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. माणदेशातल्या मे महिन्यात पॅनलला हात लावून बघा, पोळतो. ऊन हवं, पण ताप नको, असं याचं दुखणं.

बिल शून्य येईल का?

युनिट शून्य येऊ शकतात. स्थिर आकार द्यावाच लागतो. घराच्या बाबतीत फायदा वरच्या टप्प्यात जास्त. महाराष्ट्रात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे आहेत आणि सोलर आधी तुमचे सगळ्यात महाग युनिट खातं. महिना साठ-सत्तर युनिट वापरणाऱ्या घरावर स्वखर्चाने तीन किलोवॅट घालणं म्हणजे एका माणसासाठी लग्नाचं पातेलं चढवणं.

ठेकेदाराच्या कामात नक्की काय बघायचं?

पॅनल सगळेच चांगली आणतात, कारण नाव त्याच्यावर छापलेलं असतं. चोरी होते ती स्ट्रक्चर, अर्थिंग आणि वायरिंगमध्ये. शाळेच्या कामात एका ठेकेदाराने गॅल्वनाइज्ड, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले, असं सांगून रुपेरी रंग मारलेले लोखंडी पाइप आणले. मला पहिल्या पावसाळ्यानंतर कळलं. वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यातून गंजाचा लालसर ओघळ स्लॅबवर उतरलेला, पानाची पिचकारी मारावी तसा. तेव्हापासून मी खिशात एक जुनी किल्ली ठेवतो. पाइपवर ओरखडा काढायचा. रंग असेल तर पापुद्रा निघतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, म्हणजे हॉट डिप गॅल्वनाइज्ड असेल तर नुसती चमकदार रेघ उठते.

अर्थिंगचे खड्डे तीन हवेत : आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजवाहकाला वेगळा, पॅनल आणि स्ट्रक्चरला वेगळा, इन्व्हर्टरपुढच्या एसी बाजूला वेगळा. एकच खड्डा खणून तिन्ही वायरी त्यात घालणारे महाभाग आहेत. खड्डे खणताना कुणालातरी तिथे उभं करा, बुजवल्यावर सगळे खड्डे सारखेच दिसतात. स्लॅबला भोकं पाडली असतील तर तिथलं वॉटरप्रूफिंग त्याच दिवशी व्हायला हवं. कोकणात बसवत असाल तर वाऱ्याचा हिशेब लेखी मागा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात पत्रे कसे उडाले ते तिथल्या लोकांना सांगायला नको.

पैसे टप्प्याने द्या. थोडा ॲडव्हान्स, मोठी रक्कम सामान छतावर पोचल्यावर, आणि दहा-पंधरा टक्के नेट मीटर फिरायला लागेपर्यंत हातात ठेवा. पॅनलच्या मागच्या सीरियल नंबरचे फोटो काढून घ्या, ती बसली की मागची बाजू दिसत नाही. माझ्या अनुभवात शेवटचे दहा टक्के हा या धंद्यातला सर्वात कष्टाळू इंजिनीअर आहे.

एकदा बसलं की काम संपलं ना? यात फिरणारं काही नाही म्हणतात.

मीही तसंच समजत होतो.

शाळेचं सोलर सुरू होऊन वर्ष झालं होतं. डिसेंबरात मी यात्रेला गावी गेलो, सहज शाळेत डोकावलो. इन्व्हर्टरचा स्क्रीन काळा. वाटलं, ढग असतील. बाहेर लख्ख ऊन. डबा उघडला तर ब्रेकर खाली पडलेला आणि त्याच्या शेजारचा, विजेच्या झटक्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर जळून काळा झालेला. चौकशी केली. जूनच्या पहिल्या वळवात जोराची वीज कडाडली होती, एवढं शिपायाला आठवत होतं. म्हणजे सात महिने सोलर बंद. दोन हजार युनिट तरी गेले, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात येणार कसं? बोअरची मोटर बंद पडली तर नळाला पाणी येत नाही, लगेच बोंब होते. सोलर बंद पडलं तर काहीच होत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात, सगळं ग्रीडवर चालू राहतं. फक्त बिल वाढतं, आणि बिल जातं ग्रामपंचायतीत. इन्व्हर्टरला मोबाइलवर आकडे पाठवायची सोय होती, पण त्याला वायफाय लागतं आणि शाळेचं वायफाय रिचार्ज संपल्यामुळे कधीच बंद झालेलं.

दुरुस्तीचा खर्च अगदी किरकोळ आला. मग गुरुजींशी बसून एक उपाय काढला. इन्व्हर्टरखाली खिळ्याला एक दोनशे पानी वही टांगली, दोरीला पेन बांधलं. सातवीच्या वर्गाकडे ड्यूटी. रोज प्रार्थनेनंतर एकाने जाऊन स्क्रीनवरचा एकूण युनिटचा आकडा लिहायचा, कालचा वजा करायचा, उत्तर फळ्यावर. शून्य आलं तर गुरुजींना सांगायचं, गुरुजींनी मला. पुढच्या जूनमध्ये ब्रेकर पुन्हा पडला. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मला फोन आला.

वहीत बाकीही बरंच सापडतं. एका पानावर ‘आज ढग ३.२’, दुसऱ्यावर ‘कावळा बसला होता ११.९’. पॅनल धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा वर गेला की मुलं स्वतःच म्हणतात, परत धुऊया.

धुवायचं कसं आणि किती वेळा?

पंधरा दिवसांनी एकदा, पहाटे किंवा संध्याकाळी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. साधं पाणी, मऊ वायपर. खराटा, घासणी, साबण काही नको. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून वायपरने लगेच निपटून घ्या. वीटभट्टी, खडी क्रशर किंवा कच्चा रस्ता जवळ असेल तर आठवड्याला. मुलांना छतावर चढवू नका, खालून लांब दांड्याने जेवढं होईल तेवढंच. बाकीचं मोठ्या माणसाने करायचं, आणि त्याला त्याचे पैसे द्यायचे. ‘गावातलं कुणीतरी बघेल’ हे कुणीतरी कधीच बघत नाही. मी शाळेसाठी वर्षाचे तीन हजार रुपये धुण्याचे म्हणून वेगळे देतो.

माकडं, गारा, चेंडू?

गारांना काच टिकते, क्रिकेटच्या चेंडूलाही सहसा टिकते, दगडाला टिकत नाही. माकडं काचेपेक्षा वायरीचं नुकसान जास्त करतात, तेव्हा वायरी पाइपातूनच न्या. इमारतीचा विमा असेल तर त्यात पॅनलची भर घालता येते.

दिलेले पैसे परत मागावेत का?

माणूस आणि संस्था पाहून ठरवा. शाळेकडून मी काही घेत नाही. वाचनालयाने मात्र आपणहून सांगितलं की फुकट नको. त्यांचं महिन्याला दीड हजाराच्या आसपास वाचतं, त्यातले बाराशे ते एका वेगळ्या खात्यात टाकतात. १ लाख २० हजार फिटायला शंभर महिने, म्हणजे आठ वर्षं चार महिने. ते पैसे माझ्याकडे येत नाहीत. जमले की गावातल्या पुढच्या छताला जातील. व्याज नाही. खरं सांगायचं तर तिन्हींत वाचनालयाचं सोलर सगळ्यात नीट चालतं. तिथला ग्रंथपाल दर महिन्याच्या बिलावर लाल पेनाने खूण करून मला फोटो पाठवतो. हप्ता भरायचा असला की माणूस मीटरकडे बघतो.

‘सोलरमध्ये पैसे गुंतवा, दरमहा पक्का परतावा’ अशा जाहिराती येतात. त्या खऱ्या का?

दुसऱ्याच्या छतावर कंपनीने स्वतःच्या पैशाने पॅनल लावायचं आणि वीज विकायची, हा व्यवहार खरा आहे. त्याला रेस्को म्हणतात. पण चार अनोळखी लोकांकडून ठेवी गोळा करून पक्का परतावा कबूल करणाऱ्याला परवाना लागतो. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ पासून आहे, आणि तो अशांसाठीच आहे. सूर्य रोज उगवतो म्हणून हप्ता रोज येईल असं नाही. पॅनल कुठल्या गावात, कुणाच्या छतावर आहे आणि त्याचा मीटर नंबर काय, एवढं विचारा. मीटर नंबर सांगता आला नाही तर फोन ठेवा.

मी अमेरिकेत असतो. गावच्या शाळेला थेट पैसे पाठवू का?

हे माझ्या भाच्याने विचारलं होतं. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुम्ही आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी ‘विदेशी’ धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तुम्ही कायद्याने विदेशी स्रोत ठरता. मग घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. गावच्या वाचनालयाकडे ती नसते, आणि चुकून पैसे घेतले तर गोत्यात ते येतात. स्वतःच्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवणं हा वेगळा विषय, तो सोपा आहे. भाच्याने आपल्या आईला पाठवले, तिने घरावर बसवलं.

करसवलत मिळते?

‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी करसवलतीची मान्यता असलेल्या नोंदणीकृत संस्थेला दिले आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर. दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका, तिच्यावर सवलत नाही. आत्याला दिलेल्या पैशांवर फक्त पुरणपोळी मिळते.

कागदावर मालक कोण?

दिल्यावर शाळेचं म्हणजे शाळेचं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद करायला लावा : पॅनल सहा, इन्व्हर्टर एक, सीरियल नंबरासकट. गुरुजींची बदली होते. नवे गुरुजी आले की ज्याची नोंद नाही ती वस्तू त्यांच्यासाठी नसतेच. वॉरंटीची मूळ कागदपत्रं शाळेत आणि एक प्रत तुमच्याकडे.

आमच्या सोसायटीसाठी काही?

सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे, याला सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. गच्ची सामाईक असल्याने सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. पुढचं मला विचारू नका, मी अजून ठरावाच्याच अलीकडे आहे.

यातून खरंच प्रदूषण कमी होतं का?

आपल्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माझी तिन्ही छतं नीट चालली तर वर्षाला ११ हजार युनिट, म्हणजे पावणेआठ टन. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र एकटं २,९२० मेगावॅटचं आहे, त्यापुढे माझे आठ किलोवॅट म्हणजे दर्यात खसखस. मी त्याचा फार हिशेब करत नाही. पण त्या सात बंद महिन्यांत शाळेच्या छतावरून हा आकडा शून्य होता, आणि माझ्या डोक्यात मात्र तो तेव्हाही चालूच होता. म्हणून हल्ली मी कुणाला ‘किती किलोवॅट दिले’ असं विचारत नाही, काल किती युनिट झाले ते विचारतो.

पंचवीस वर्षांनी त्या पॅनलचं काय?

पॅनल दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का मंदावत जातं. पंचवीस वर्षांनी मरत नाही, म्हातारं होतं. जुनी पॅनल २०२२ च्या ई-कचरा नियमांत येतात, भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. काच आणि ॲल्युमिनियमची चौकट परत वापरात येते.

पाटीवर नाव कुणाचं घालायचं?

शाळेने विचारलं होतं. मी आईचं सांगणार होतो. मग ब्रेकरचं ते प्रकरण झालं आणि पाटीचं राहूनच गेलं. आता इन्व्हर्टरच्या वर भिंतीवर ऑइलपेंटने एवढंच लिहिलंय, अक्षर सातवीतल्या कुणाचं तरी : ‘आकडा लिहिल्याशिवाय वर्गात येऊ नये.’